पहिलं पान उभ्यानं

महाल, नागपूर
नोव्हेंबर १९७९

प्रिय सुहास,

आठ वर्षांनी बापाचं अक्षर पाहून दचकू नकोस, पोरी. अक्षर तेवढं बिघडलंय, स्वभाव होता तसाच आहे. आधी बातमी सांगतो. तुझी आई दसऱ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर आता औषधाचं बोलतच नाहीत, मला बाहेर बोलावून "कोणाला कळवायचं असेल तर कळवा" म्हणतात. ती दिवसातून दहादा एकच विचारते, "सुहासले लिहिलं का?" ज्या घरात मी तुझं नाव काढू दिलं नाही, त्या घरात आता दुसरं नावच निघत नाही.

मुकुंदरावांचं पुस्तकाचं दुकान आठवतं ना? विसरशील कशी! बोळातली ती अंधारी खोली, छतापर्यंत पुस्तकं, आणि बसायला एक स्टूल, तेही मांजराचं. पहिलं पान उभ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम. "पाय दुखले तं ठेवून द्या, ते पुस्तक तुमचं नाही." कोणी ऐटीत जाडजूड ग्रंथ मागितला की तोंडावर सांगत, "तुमच्याच्यानं नाही होणार गा हे, काहून घेता?" असं गिऱ्हाईक हाकलून दुकान कसं चाललं, देव जाणे! तू नऊ वर्षांची होतीस. पहिल्या पानाला उभी राहिलीस ती चौतिसाव्यापर्यंत. मी कंटाळून चहा पिऊन आलो, तरी तू तिथेच, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मुकुंदरावांनी मांजर उठवलं आणि तुला स्टूल दिलं. तो मान मला त्या दुकानात कधी मिळाला नाही. फार अभिमान वाटला होता गं मला. तुला बोललो मात्र नाही.

मग तू आपल्या मनानं लग्न केलंस आणि मी दारात उभा राहून बोलू नये ते बोललो. त्या दिवाळीला दुकानात गेलो, तर मुकुंदरावांनी एक पुस्तक पुढे केलं. "हे तुमच्यासाठी काढून ठेवलं. कोणी सांगितलं ते इचारू नका." विचारायची गरजच नव्हती. माझी आवड इतकी नेमकी जगात एकाच माणसाला ठाऊक. पुढे दर दिवाळीला एक, अशी आठ झाली. सगळी तिथेच, उभ्यानं सुरू केली. तुझी आई ती पुसून फळीवर लावायची आणि मला काही विचारायची नाही.

दर वेळी मुकुंदराव म्हणत, "पत्ता लिहून देऊ का?" मी म्हणायचो, "कोणाचा?" ते हसायचे आणि पुडक्याला सुतळी बांधायचे. आठ वेळा विचारलं त्यांनी, आणि आठही वेळा हा शहाणा "कोणाचा?" म्हणून घरी आला.

गेल्या सोमवारी गेलो. आज आपणच मागायचा, असं वाटभर घोकत गेलो. दुकानाला कुलूप. मागे त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या रंभाबाई राहतात, त्या म्हणाल्या, "ते गेले जी, कोजागिरीले." पुस्तकं सुचवायला तू त्यांना लिहायचीस ती पत्रं, पत्त्यासकट, ते कुठे ठेवायचे, ते विचारलं. बाईंना वाचता येत नाही, पण एवढं ठाऊक होतं की आलेलं पत्र ते हाताशी असेल त्या पुस्तकात घालून ठेवायचे. आणि पुस्तकं? ती पुतण्यानं रद्दीत दिली, तीन बैलबंड्या भरून. तुझ्या सासरच्यांचं गांधीबागेतलं बिऱ्हाडही केव्हाच हललंय, कुठे गेले ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसतो. एकेक पुस्तक उलटं धरून झटकतो. विकणारे खेकसतात, "बाबूजी, लेना है क्या?" काल एकातून कोणाच्या तरी मुलीची लग्नपत्रिका पडली. तुझं काही नाही. सापडेल असं आता वाटतही नाही. पाय फार दुखतात.

पाकिटावर तुझं नाव लिहिलंय, सुहास. त्याखाली काय लिहायचं ते मला माहीत नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण थोड्या वेळानं तुझी आई डोळे उघडून पुन्हा विचारील, आणि रोज खोटं बोलून मी थकलो. आज तिला खरं सांगता येईल, "हो, लिहिलं." टाकलं का, एवढं तिनं विचारू नये.

तुझाच,
बाबा