खळ्यासारखी सारवलेली गल

डोळखांब,
मार्गशीर्ष, १९४४

प्रिय धर्मा,

भात झोडून झालं. रिकाम्या खाचरांत गुरं सोडली आहेत. परवा शेजारचा बारकू विचारत होता, यंदा गोल्फ मांडणार का नाय? मागे जंगलखात्याचा साहेब बदली होऊन गेला, तेव्हा माझ्याजवळ दोन काठ्या आणि थोडे चेंडू टाकून गेला. मी त्या काठ्या आढ्याला खोचून ठेवणार होतो, पण तू कुठला ऐकतोस! साहेबाच्या खेळाला हिरवळ लागायची. कापणीनंतर आपल्याकडे कुठली हिरवळ? तू खाचरात डबा पुरून गोट्यांची असते तशी गल केलीस आणि भोवती खळ्यासारखं सारवून घेतलंस. चेंडू बांधावरच्या खेकड्याच्या बिळात शिरला की कोपरापर्यंत हात घालायचास. चेंडूऐवजी खेकडा हाती लागला तर तो आईच्या कालवणात. म्हसा गावच्या जत्रेला निघालेली माणसं बैल थांबवून बघायची. त्यांना वाटायचं, बापलेकांचं शेतात काहीतरी हरवलंय.

यंदा माझं मन नव्हतं. तुझ्या आईनेच शेण कालवलं. म्हणाली, "लढाईवरनं पोर येल, मंग काय ढेकळात खेळंल?" तुझ्या हाताला जखम झालीय, एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती सारवत होती आणि मी काठी घेऊन नुसता उभा. चेंडू मारवेना. तिने वर पाहिलं. "हात तुटला का त्याचा? खरं सांगा." तिथेच बांधावर बसून सांगितलं, हात शाबूत आहेत. डोळे गेले. दोन्ही.

 तिच्या हातावरचं शेण वाळून गेलं. मग म्हणाली, "त्याला दिसत नाय, पन आमाला दिसतंय ना? चला, आनू त्याला."

हे पत्र तुला नर्सबाई वाचून दाखवतील. त्यांच्यासमोर संकोचू नकोस. सोमवारी आम्ही दोघं आसनगावहून गाडी धरून पुण्याला येतो. मागे मी इस्पितळात आलो, तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालास, "बाबा, तुम्ही जा. मी घरी येणार नाही." मी गेलो. जिन्यात रडलो आणि गाडीत बसलो. आता तुझी आई येते आहे. आयुष्यात पहिल्यांदाच ती कल्याणच्या पुढे येईल. तिला तसं परत पाठवू नकोस, पोरा.

तुझाच,
बाबा