पिवळी पिशवी, निळी पिशवी

४ मार्च, मंगळवार
चोपन्न पायऱ्या. घरापर्यंत चढताना दम लागून दोनदा बसले. छातीचा ओढायचा पंप सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा.
छातीच्या डॉक्टरांनी रोज एवढंच लिहायला सांगितलंय. पण पान मोकळं सोडायचं जिवावर येतं. चौथी शिकले ती काय वाया घालवायला?
विहारातल्या शिबिरात माझ्या डोळ्यात प्रेशर निघालं. काल आम्हा बाराजणांना गाडीत घालून डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. विहारातली सरूबाई खिडकी अडवून बसली. काचबिंदू म्हणाले, थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ. तिथल्या पोरीनं विचारलं, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे?" म्हणलं, नाही. एका डॉक्टरसमोर दुसऱ्याचं औषध काढू नये, त्यांना राग येतो.
छातीच्या कागदांची पिवळी पिशवी होतीच. डोळ्याला आजपासून निळी.

१६ मार्च, रविवार
पाच वेळा बसले. विहारात वंदना घ्यायला उभी राहिले आणि पंचशीलातच दम तुटला. सोळा वर्षं मी पुढं म्हणते, लोक मागून म्हणतात. आज लोक माझं तोंड बघत उभे. सरूबाईनं पुढची ओळ उचलली. "बस गं तू, मी हाय की."
हाय की! तिला बोलावलं कुणी?

२१ मार्च, शुक्रवार
माझ्या लेकानं, नागसेननं, चाकणच्या कंपनीत सुट्टी टाकून छातीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर, वय, उन्हाळा. पंप दुप्पट. निळी पिशवी घरीच होती, तिचं तिथं काय काम?

२ एप्रिल, बुधवार
सहा वेळा बसले. जिभेवर पांढरी साय धरलीय. पिठल्याला चव नाही. आवाज घोगरा, दारावर आलेला भंगारवाला मला "बाबा" म्हणाला.
पंपानंतर चूळ भरून थुंकायची असते. नळाला पाणी एक दिवसाआड, एवढं कोण थुंकत बसेल? गिळते.
नागसेन म्हणतो, "आई, गावाला ताईकडं राहा. तळमजला हाय." म्हणलं, मला तळमजल्यावर न्यायला चौघं लागतील, तेव्हाच ने. पण त्यानं बॅग काढून ठेवलीय माळ्यावरून, मी बघितली. वैशाख पौर्णिमा झाली की नेणार.

६ एप्रिल, रविवार
सरूबाईच वंदना घेते आता. दोन ओळी झाल्या की धापा टाकते. म्हणलं, जागा घेतलीस ती घेतलीस, दम पण माझाच उचललास का? हसली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
थेंब संपून सहा दिवस झाले. नागसेनला ओव्हरटाइम, दुकान राहून जातंय. आज दोनदाच बसले.

१९ एप्रिल, शनिवार
थेंब आणला. नागसेनला उशिराबद्दल बोलून घेतलं.

२३ एप्रिल, बुधवार
परत पाच वेळा.
दुपारी मागची पानं चाळली. मार्चात थेंब आला, दम गेला. मधे थेंब संपला, दम आला. शनिवारी थेंब आला, दम गेला. डोळ्यातला थेंब छातीत कसा उतरेल, मला काय कळतं? पण पायऱ्यांना खोटं बोलून काय मिळणार?
नातीला दाखवलं. मिनल म्हणाली, "आजी, मोबाइलवर बघू का?" म्हणलं, मोबाइल चढला होता का माझ्या पायऱ्या? डॉक्टरकडं चल.

२५ एप्रिल, शुक्रवार
दोन्ही पिशव्या छातीच्या डॉक्टरांच्या टेबलावर उपड्या केल्या. बाहेरची पोरगी धावत आली, "आजी, डोळ्याचे कागद इथं नाही!" म्हणलं, डोळे आणि छाती एकाच बाईची हायत.
डॉक्टरांनी बाटली वाचली. मग ही वही वाचली. मग पुन्हा बाटली.
"आजी, हा थेंब छातीवाल्यांना चालत नाही. श्वासनळ्या आवळतात."
"मग विचारायचं होतं."
"तुम्ही सांगायचं होतं."
निम्मी निम्मी चूक वाटून घेतली. त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. थेंब बदलला. मला दम दिला, मनानं बंद करायचा नाही, डोळा जाईल. थेंब टाकून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. सायीला वेगळं औषध. पंप परत पहिल्यासारखा, आणि चूळ थुंकायचीच.
जाताना म्हणाले, "वही झेरॉक्स करू का?" म्हणलं, करा. पण सरूबाईबद्दल लिहिलंय ते वाचू नका.

३ मे, शनिवार
एकदाच बसले. साय गेली. मिरचीचा ठेचा खाल्ला, डोळ्यात पाणी आलं, किती दिवसांनी!
चूळ कोरफडीच्या कुंडीत थुंकते. पाणी वाया जात नाही.

१२ मे, सोमवार
वैशाख पौर्णिमा. चोपन्न पायऱ्या. बसले नाही.
वंदना मी घेतली, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. समोरच्या वर्कशॉपवाल्यानं लेथ बंद केली. नागसेन मागच्या रांगेत मान खाली घालून उभा. घरी येऊन त्यानं बॅग माळ्यावर टाकली. बोलायची गरजच काय?
सरूबाई भिंतीला टेकून बसली होती. खीर घेताना म्हणाली, "लई जोर आला गं तुला."
"थेंब बदलला."
"कसला थेंब?"
"डोळ्याचा. तोच छाती आवळत होता."
तिची वाटी हातातच राहिली.

१३ मे, मंगळवार
सरूबाईच्या घरी गेले. तिच्याकडं तीच बाटली. आणि गाद्यांच्या मागून तिनं पंप काढला. दहा वर्षांचा दमा, सुनेलासुद्धा सांगितलेला नाही. म्हणाली, "वंदना काढून घेतील गं."
उद्या छातीच्या डॉक्टरांकडं पहिल्या नंबरला तिला नेते. आजपासून या वहीत पायऱ्या दोघींच्या. तिच्या एकवीस, सात वेळा बसली.