खाली लिहिलेलं गाव

कुडपण, मंगळवार, जानेवारी २००४

नाव-गाव लपवून मांडलेल्या मताला किंमत राहते का?

संगणकावर मराठी अक्षरं कशी उमटावीत, याचे नियम ठरवणाऱ्या आमच्या ई-मेल गटात प्रत्येक पत्राखाली पूर्ण नाव आणि गाव लिहायचं असतं. तिथे कुडपण दिसतं याचा मला अभिमान होता. गटातल्या एका गृहस्थाने सुचवलेल्या नियमावर मी हरकत घेतली, तेव्हा चिडून "समोरच भेटू" म्हणणारा तो काल मी नसताना घरी येऊन गेला. पोलादपूरला माझं नाव सांगून घर विचारलं आणि जीपवाल्याने थेट दारात आणून सोडलं. आमच्याकडे असंच करतात.

"लय गोड बोलत व्हता गो," आई म्हणाली. "तू महाडवरनं कुठल्या गाडीनं येतेस, त्ये पन सांगितलं."

"कशाला सांगितलंस?"

"दारात आलेल्या पावन्याला नाय कसं म्हनू?"

गाडीसुद्धा! पण आईला काय बोलू? गाव तर मीच लिहिलं होतं. बाबांना कळलं तर महाडच्या सायबर कॅफेत जाणं बंद. गप्प बसले तर त्याचंच म्हणणं नियम होणार.

आज महाडहून गटाच्या चालकांना सगळं कळवलं, जुन्या पत्रांतलं माझं गाव काढायला सांगितलं. मग तीच हरकत पुन्हा पाठवली, खाली फक्त 'एक सदस्य' लिहून.

आणि रोजची गाडी टाळली. आधीच्या गाडीने आले.