मालकांच्या पावडरीविरुद्ध माझी तक्रार

९ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. आजूबाजूला सगळी बेफिकीर माणसं. निदान एकाने तरी शिस्तीत राहावं.
खाली, नको त्या जागी, एक फोड आला आहे. दुखत नाही, खाजत नाही. कारण उघड आहे: भाऊजी. माझा टॉवेल वापरतात. ताईला बजावलं, यापुढे माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर. ती म्हणाली, तुझ्या टॉवेलला हात लावायची इथे कोणाला हौस आहे? भाऊजी म्हणाले, टॉवेलच का, तूही वेगळ्या घरात लटक.
या घरात स्वच्छतेला किंमत नाही.

१२ फेब्रुवारी
होणाऱ्या बायकोला भेटलो. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लग्न मे महिन्यात. आज म्हणते, लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेऊ. एचआयव्ही, सिफिलिस, सगळं. तिने स्वतःची टेस्ट आधीच केली आहे. रिपोर्ट काउंटरवर ठेवला, सगळं निगेटिव्ह. मी विचारलं, माझ्यावर संशय? म्हणाली, संशय असता तर तुला एकट्याला पाठवलं असतं. मी केली, तू कर. डोळ्यांचा नंबर काढताना कोणी रुसून बसतं का?
मी निघून आलो. लॉन्ड्रीत डाग तपासायचं काम माझ्याकडे आहे. स्वच्छ काय नि मळकं काय, हे मला चष्मेवाल्यांनी शिकवू नये.

१३ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. माझ्याकडून धोका शून्य. जानेवारीत नव्या मशीनच्या ट्रेनिंगला बाहेरगावी गेलो होतो, तिथल्या लॉजची रिसेप्शनवाली. एकच संध्याकाळ. धरण्यासारखी नाही. निरोध वापरला नाही, कारण गरज नव्हती. चादर कडक इस्त्रीची होती. दिव्याखाली धरून पाहिली, एक डाग नाही. अशा ठिकाणी रोग येईलच कुठून?

२० फेब्रुवारी
फोड आहे तिथेच. उपचार सुरू केले: मिठाचं पाणी, जंतुनाशक साबण. इस्त्रीवाल्या मामांकडे दाढदुखीच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या दोन मागितल्या. कुठली दाढ, बघू, तोंड उघड, म्हणाले. मी उघडलं नाही. म्हणाले, एरवी तर बंद होत नाही.
मामांशी बोलणं कमी करायचं.

८ मार्च
फोड गेला! व्रणसुद्धा नाही. डॉक्टर लोक उगाच बाऊ करतात. माणूस पद्धतशीर असला की पुरे.
तिला सांगून टाकलं, माझी तपासणी झाली. कोणाकडे, विचारते. तज्ज्ञाकडे, म्हणालो. (खोटं नाही. मी स्वतः नीट तपासलं.) रिपोर्ट कुठे? येतोय. मग म्हणाली, रिपोर्ट आला की पत्रिका छापायला टाकू, तोवर नाही.
हट्टी बाई. लग्नानंतर वळण लावावं लागेल.

१४ एप्रिल
तिने पुन्हा रिपोर्ट मागितला. लॅबमध्ये गर्दी आहे, म्हणालो.
शिवाय नवीन संकट. दोन्ही तळहातांवर तांबूस डाग. कारण उघड आहे: लॉन्ड्रीच्या मालकांनी आणलेली धुण्याची नवी स्वस्त पावडर. तोंडावर सांगितलं. मालक म्हणाले, मग धुणाऱ्या दोघींचे हात कसे ठणठणीत? दिवसभर त्याच पाण्यात असतात. मी म्हणालो, त्यांची कातडी जाड. दोघी मागेच उभ्या होत्या. दुपारचा चहा माझ्यापर्यंत आला नाही.

१६ एप्रिल
तळपायांवरही डाग. पावडर बुटांत उतरली असणार.
संकल्प: डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळवायचं. मालकांकडून भरपाई घ्यायची. सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची. मामा खो खो हसले. त्यांचीही तक्रार करणार.

१८ एप्रिल
क्लिनिक. डॉक्टरीणबाई तुसड्या. सर्टिफिकेट मागितलं तर हात उलटेसुलटे करून पाहिले, मग तळपाय. खाजतं का? नाही. पावडरीने खाजलं असतं, म्हणाल्या. आणि कपडे पायाने धुता का? मग आधी कुठे फोड आला होता का, विचारलं. मी भाऊजींच्या टॉवेलचं सांगितलं. म्हणाल्या, हे टॉवेलने होत नाही, कपाने होत नाही, संडासानेही नाही. फोड आपोआप जातो, आजार आत राहतो. तुम्ही काही केलं नसतं तरी तो गेलाच असता.
हे त्या मत्सराने बोलल्या. रक्त घेतलं. म्हटलं, घ्या खुशाल, पावडरच सापडेल.

२१ एप्रिल
सिफिलिस. एचआयव्ही नाही. पावडरीचा रिपोर्टमध्ये उल्लेख नाही.
कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. प्रचंड दुखलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडलं, पूर्ण बरे व्हाल. त्या सांगेपर्यंत संबंध नाही, पुढेही निरोध. लग्न ठरलेल्या मुलीशी संबंध आला आहे का? नाही, तिला लग्नाआधी नको होतं. नशीब तिचं, म्हणाल्या. आणि जिच्याशी आला तिला आजच कळवा.
लॉजवर फोन केला. मी तिलाच जाब विचारणार होतो. तीच ओरडली: मला काहीच त्रास नाही, मला कळणार कसं? तुला फोड कधी आला? फेब्रुवारीत, म्हणालो. आणि आत्ता सांगतोस? मी चादर स्वच्छ होती म्हणायला लागलो, तिने फोन आपटला.

२४ एप्रिल
चष्म्याच्या दुकानात गेलो. भाषण पाठ केलं होतं: आधी आजार बरा होतो, मग पुरुषाकडून चूक होतेच, शेवटी तिच्या संशयाने मला झालेला त्रास. पहिल्या वाक्यावरच तिने रिपोर्ट मागितला. सावकाश वाचला. मग विचारलं, मार्चमध्ये तपासणी झाली म्हणालास, ती कोणती? मी पद्धत समजावली. ती गिऱ्हाइकाच्या काचा पुसत होती, हात थांबला नाही.
म्हणाली, आजार सुईने जातो रे. मे महिन्यात तू मला तो तसाच दिला असतास, हसत हसत. पत्रिका छापायच्या नाहीत.
मी म्हणालो, रागात निर्णय घेऊ नये. म्हणाली, रागात नाही, दुकानात आहे. आवाज खाली कर.
तिला विचार करायला वेळ हवा आहे.

२६ एप्रिल
तिचा फोन लागत नाही. नेटवर्क खराब असणार. ताईच्या फोनवरून लावला, लगेच लागला. माझा आवाज ऐकून बंद झाला. नेटवर्क फारच खराब.

२८ एप्रिल
क्लिनिक. डाग फिकट. नर्स म्हणाली, तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. एकट्याला भीती वाटत असेल तर सोबत कोणाला तरी आणा.
कोणाला, मी विचारलं.
ती पुढच्या पेशंटला हाक मारत होती.