आईच्या पांढऱ्या वांग्याचं बी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
श्रावण वद्य तृतीया, शके १८५५

ती. आण्णास व सौ. केरावहिनीस मायाक्काचा शि. सा. न. वि. वि. इकडं सगळी खुशाल हायेत, तिकडचं कळवावं.

आपल्या गावच्या तिप्पण्णानं बाजारात विकायच्या घोंगड्यांबरोबर बियाची पुरचुंडी आणून दिली. मी आईच्या पोटची, तरी तिच्या पांढऱ्या वांग्याचं बी वहिनीच्या मडक्यात, आन मला ते मागून घ्यावं लागतं. हे एकदाच लिहिते. अर्धं दिलंस वहिनी, ते बरं केलंस.

नागपंचमीला माती उकरायची न्हाय म्हणून हात बांधून बसले आन दुसऱ्या दिवशी पेरलं. बाहेर पेरावं तर गल्लीतल्या शेळ्या दोरीवरचं लुगडं सोडत न्हाईत. म्हणून फुटक्या रांजणाच्या बुडात माती घालून घरातच. रोज एक बी उकरून बघत होते. तिळाएवढ्यात एवढं वांगं कुटं मावतं, मला कळत न्हाय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, गिरणीच्या भोंग्याला विचार.

आता उगवलंय, आन असं उगवलंय की बघत राहावं. घट बसवते तसाच रांजण देवापाशी अंधारात बसवला, वर डालगं झाकलं. दसऱ्याला पटक्यात खोवायला माझ्याच घटाचे कोंब पेठेतली माणसं मागून नेतात, तुला ठाऊक हाय. तशीच ही, सोन्यासारखी पिवळी, चार बोटं उंच. एकच गंमत. डालगं काढलं की सगळ्यांच्या माना दाराच्या फटीकडं. रांजण फिरवला तरी संध्याकाळपर्यंत परत तिकडंच. दारात कोण यायचं हाय त्यांचं?

लोभ हायेच, त्याला पाणी घालत जा.
मायाक्का


मैंदर्गी
श्रावण वद्य नवमी

चि. सौ. मायाक्कास आण्णाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर तुझी वहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. म्हणाली, देवीला पिवळं लागतं, पोटाला हिरवं. तुमच्या बहिणीनं वांग्याचे घट बसवलेत.

आता वाईट ते सांगतो. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्याच मेंढरांनी काट्याचं कुंपण मोडलं आन वाफ्यातलं सगळं रोप खाल्लं. वहिनीनं राहिलेलं सगळं बी पेरलं होतं, मडक्यात चिमूटभर मागं ठेवलं न्हवतं. तेव्हापासून ती मेंढरांशी बोलत न्हाय, माझ्याशी बी न्हाय. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरताला ह्या घरात दुसरं वांगं कधी आलेलं न्हाय. आईच्या वांग्याचं म्हणून आता जे काय उरलंय, ते तुझ्या रांजणात.

दारात कोण यायचं हाय म्हणून विचारतेस. ऊन यायचं हाय, बाई. डालगं काढ. आन उकरून बघणं बंद कर.

रागावू नको, माया पातळ करू नको.
तुझा आण्णा


भवानी पेठ, सोलापूर
भाद्रपद वद्य द्वितीया

ती. आण्णास मायाक्काचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लवकर टाकलं न्हाय, कारण लिहिण्यासारखं तोंड न्हवतं. तू ऊन म्हणालास, मी ऊन दिलं. पत्र वाचलं तसा रांजण उचलला आन भर दुपारी माळवदावर नेऊन ठेवला. जेवून वर जाते तो सगळी रोपं आडवी. मी तितंच बसले. आई दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

शेजारची पार्वतम्मा मागावरून उठून वर आली. तिची मराठी निम्मी तेलुगू, पण टोचायचं तेवढं बरोबर टोचते. म्हणाली, ओल्या बाळंतिणीला पहिल्याच दिवशी तळ्यावर धुणं धुवायला पाठवशील काय? तिनं सांगितलं तसं केलं. तान्ह्याला दाखवतात तसं सकाळचं कोवळं ऊन, घटकाभर, की आत. रोज जरा जास्त. वाढलेला दांडा गळ्यापर्यंत मातीत पुरायला लावला. मी म्हणाले हे जित्याला गाडणं झालं. ती म्हणाली, गाड.

निम्मी गेली. राहिली ती उठली की, आण्णा. आधी पानं हिरवी झाली, मग दांडा जाड झाला. काल हात फिरवला तर देठाचा बारीक काटा बोटाला लागला. काटा आला म्हणजे आता ते आपलं आपण जगंल, असं मला वाटलं. ते बरोबर का, वहिनीला विचारून लिही.

एक सोडून सगळी रोपं ओल्या पोत्यात बांधून तिप्पण्णाबरोबर पाठवते. मेंढरांना माझा निरोप सांग, तुमची गाठ आता माझ्याशी हाय. एक रोप मी दारात ठेवलंय. त्याभोवती काट्या रोवल्यात. ते कुणी मागू नये.

चुकलं ते पदरात घ्या.
मायाक्का


मैंदर्गी
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. सौ. मायाक्कास अनेक आशीर्वाद वि. वि.

काल देवाला भरीत-रोडगा झाला. वांगी लहान होती, पण पांढरी होती, आन आईचीच होती. पहिली तोड सगळी देवाला गेली. वहिनीनं भरीत वाढताना तुझं नाव घेतलं आन मग माझ्याशी बोलली. काट्याचं बरोबर म्हणाली.

ती म्हणते, यंदा बियाचं फळ तुझ्या दारचंच राहू दे. ज्या घरात बी वाचलं, त्या घरात ते धरावं. पण तुला दम न्हाय. पांढरं असताना तोडलंस तर आतलं बी कोवळंच राहील. वेलीवरच्या काकडीसारखं पार पिवळं पडू दे.

तुझा आण्णा


भवानी पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष अमावास्या

ती. आण्णास व सौ. केरावहिनीस मायाक्काचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या झाडाला एकच वांगं राहिलंय. त्याला लाल चिंधी बांधली. चार दिवस झाले, ते पिवळं पडायला लागलंय. येणारी-जाणारी बाई म्हणते, म्हातारं झालं, तोड की. पार्वतम्मा सुद्धा म्हणाली. मी सगळ्यांना सांगितलं, हे बियाचं हाय, हात लावायचा न्हाय. त्यातली पहिली मी. रोज सकाळी त्याच्यासमोर बसते. बोटानं दाबून बघितलेलं न्हाय, खंडोबाची आण.

वहिनीला म्हणावं, मडकं धुवून वाळवून ठेव, बी घोळायला राख चाळून ठेव. फळ पिकलं की अर्धं बी तिकडं येईल. तुला मागावं लागणार न्हाय, वहिनी.

मायाक्का