मी फक्त हात वर करायला सांगितलं होतं

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून, पण एक डोळा दारावर ठेवून नमस्कार. (आमचे मॅनेजर दारावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हसले. पगार देताना न हसणारा माणूस आता का हसतो?) आतोबांचा खोकला कसा आहे? औषध ते स्वतः घेतात की तू देतेस? स्वतः घेत असतील तर बाटली तपासत जा. हल्ली माझा कुणावरच विश्वास उरलेला नाही.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करतो (कॉलेज सोडलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, निदान कुणाच्या उपयोगी तरी पड), तिथे सध्या सगळं उलटंपालटं झालंय. आमचा आश्रम, तुझ्या गावातला आश्रम आणि आणखी एक, अशा तिघांनी मिळून 'घरपण' नावाचा उपक्रम काढलाय. पूर्वी पहाटे घंटा झाली की सगळे म्हातारे-म्हाताऱ्या रांगेने उठायचे, रांगेने आंघोळ करायचे, रांगेने चहा प्यायचे. आता ज्याला हवं तेव्हा त्याने उठायचं. आम्ही दार वाजवायचं, 'येऊ का' विचारायचं, आणि आतून 'नको' आलं तर परत फिरायचं! मला पहिल्या दिवसापासून यात डाव दिसत होता. माणसं उशिरा उठली की सकाळी कामाला माणसं कमी लागतात, मग आमच्यातले दोघं-तिघं घरी बसवायला हे मोकळे. (अजून कुणाला बसवलेलं नाही, पण म्हणूनच तर संशय वाढतो.) त्यातून दर महिन्याला म्हाताऱ्यांची सभा भरते आणि सभेत हात वर करून जे ठरेल ते मॅनेजरनाही ऐकावं लागतं. गेल्या सभेत त्यांनी हॉलमधला टीव्हीच बंद करून टाकला. का, तर त्याच्यामुळे भांडता येत नाही!

आता मूळ दुखणं. वरच्या मजल्यावर सगळ्यांकडून व्यायाम करून घेणारी एक मुलगी आहे. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तू लगेच आईला फोन करशील. एवढंच सांगतो, ती 'पाय उचला' म्हणाली की कधी न हलणारी माणसंही पाय उचलतात. तर नोटीस लागली की तिन्ही आश्रमांतल्या कामाच्या माणसांच्या अदलाबदलीत ती तीन महिने तुझ्या गावच्या आश्रमात जाणार. तिथे व्यायामाचा एक चष्मेवाला आहे. पाहणीला आला होता तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची सोडून त्याला दुसरी खुर्ची दिसत नव्हती. माझं डोकं फिरलं. तीन आश्रम, एवढा खटाटोप, हे सगळं त्या चष्मेवाल्याच्या सोयीसाठीच, याबद्दल मला शंका राहिली नाही.

मग मी प्रचाराला लागलो. कुणाची पाठ चोळताना, कुणाचे मोजे चढवताना, कुणाची कवळी धुताना मी एकच सांगत होतो: व्यायामवाली गेली तर तुमचे गुडघे गेले म्हणून समजा. सभेत धडाधड हात वर झाले. ट्रंककॉल आजींनी (या कानाशी बोलल्या तरी बाहेर रस्त्यावर ऐकू जातं) शेजारच्या झोपलेल्या आजोबांचाही हात उचलून धरला. त्यावर रेफरी आजोबांनी, हे खरोखरच फुटबॉलचे रेफरी होते, शिट्टी मारून तो हात बाद केला. तरीही ठराव पास: मुलगी इथेच राहणार!

मी जिन्यापाशी उभा राहिलो. वाटलं, आता येईल, लाजेल, आभार मानेल. ती आली. डोळे लाल. म्हणाली, "तिकडे माझी आई एकटी असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन महिने तिच्याजवळ राहता यावं म्हणून मीच नाव दिलं होतं. तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

आत्या, त्या वेळी जिना गिळता आला असता तर मी गिळला असता.

तसाच हॉलमध्ये गेलो आणि सभा पुन्हा भरवा म्हणालो. पण आता ही माणसं पूर्वीसारखी मुकाट ऐकत नाहीत ना! रेफरी आजोबा म्हणाले, "सकाळी एक, दुपारी एक? आम्ही काय तुझी कळसूत्री बाहुली आहोत? खरं कारण सांग, मग बघू." मी तिच्या आईचं सांगितलं. "ते तिचं कारण झालं. तुझं?" मी खाली बघत जे होतं ते सांगितलं. ट्रंककॉल आजी म्हणाल्या, "अरे गाढवा, रिकामी चाकाची खुर्ची घेऊन दिवसभर वरच्या मजल्यावर फिरतोस, आम्ही काय आंधळे आहोत?" हे बहुधा तुलाही तिकडे ऐकू आलं असेल. वरच्या मजल्यावर तर आलंच. ठराव फिरला. जाताना एक आजोबा माझ्या गालावर चापट मारून गेले. प्रेमाने की रागाने, तेही कळलं नाही.

तर ती चालली. मी बरा आहे. जेवण जात नाही, पण ते इथल्या आचाऱ्यामुळेही असू शकेल.

तुझा भाचा,
भडकू

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. तिच्या आईचं ऑपरेशन ती पोचायच्या आधीच आहे. दवाखाना तुझ्या घरामागेच आहे. मधले दिवस त्यांच्याजवळ कुणी नाही. तू जाशील का? आतोबांना खोकू दे थोडं.

ता. क. २. चष्मेवाला तिथे विचारपूस करायला आला तर त्याला चहा देऊ नकोस.

ता. क. ३. चष्मेवाल्याला दोन मुलं आहेत असं आत्ताच कळलं. चहा दे. (मुलं त्याचीच आहेत ना, तेवढं बघून घे.)

ता. क. ४. तिच्या आईने विचारलं, तुम्हाला पाठवणारा हा मुलगा आमच्या मुलीचा कोण, तर मनाने काही सांगू नकोस. मी तिलाच विचारलं, काय सांगायचं. ती म्हणाली, "अजून ठरवलेलं नाही." आत्या, तू बायकांपैकी आहेस, नीट विचार करून उलट टपाली कळव: यातलं 'अजून' तिने मुद्दाम घातलं असेल का?