पत्रा ठोकलेली खिडकी

जुळे सोलापूर,
पाडवा होऊन दहा दिवस झाले.

चिरंजीव सिद्धराम यास थोरल्या आक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी आणि शेरडांची तब्येत कशी आहे ते कळव. शेरडांची आधी कळव, कारण त्यांच्याबद्दल तू खरं सांगतोस. माझे गुडघे होते तसेच आहेत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "व्हय आक्का, व्हय आक्का" करतोस आणि फोन खिशात टाकून शेरडांमागं जातोस. कागद पुढं असला की निदान संपेपर्यंत बसशील.

मुद्द्याचं आधी लिहिते. गेल्या वैशाखात तू भर दुपारी पत्र्याच्या खोलीत बेशुद्ध पडलास. शेरडं ओरडायला लागली म्हणून रामहरी धावत आला, नाहीतर आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं. मंगळवेढ्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागायचा नाही. आता पुन्हा ऊन तापायला लागलं आहे आणि खोली तीच आहे. तिला एक दार आणि मागं एक खिडकी. खिडकी रामहरीच्या अंगणात उघडते म्हणून तू बारा वर्षांपूर्वी तिच्यावर पत्रा ठोकून ठेवलास. (चुलत भावाशी न बोलता राहता येतं, वाऱ्याशी न बोलता कसं राहतोस ते तुझं तुला ठाऊक.)

आता आमच्याकडचं ऐक, म्हणजे मी हे का उकरून काढते ते कळेल. तुझ्या भाच्यानं, आमच्या जोतिरामनं, थंडीत स्वस्त मिळतो म्हणून संक्रांतीला एसी घेतला. दुकानात मलाही नेलं. (मागं ठेवलं तर मी सुनेचं कपाट आवरते, ते विजयमालाला सोसत नाही.) एसीवर तारे चिकटवलेले असतात. जेवढे तारे जास्त तेवढी वीज कमी खातो म्हणे. मी दुकानदाराला विचारलं, आमची मावळतीची भिंत दुपारभर ऊन खाते, तिला किती तारे? तो म्हणाला, आजी, ते काम एसीचं न्हाय, तितल्या खिडकीला जाड पडदा लावा. विकायला बसलेला माणूस खरं बोलतोय म्हटल्यावर मी म्हटलं, ह्याच्याकडूनच घ्या. त्यानं आणखी समजावलं की खोली लहान आहे तर मोठा एसी घेऊ नका, आकडा सव्विसावर ठेवा, सोबत पंखा हळू फिरवा, आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. जोतिरामनं सगळ्याला मान डोलावली आणि घरी येऊन आकडा सोळावर केला. फाल्गुनात बाहेर घाम आणि आत तिघंजण सोलापुरी चादरी गुंडाळून बसलेले, असं चित्र मी ह्या वयात पाहिलं.

एसीची दुसरी पेटी बाहेर गॅलरीत असते. भर उन्हात. हात लावून बघितला तर उन्हात धापा टाकणाऱ्या मेंढीसारखं तिचं अंग. बा अशा मेंढीवर ओलं फडकं टाकायचा ते आठवलं. मी बाची घोंगडी काढली, बादलीत बुचकळली, पेटीला चारही बाजूंनी गुंडाळून सुतळीनं आवळून बांधली आणि दोन दिवस पाणी शिंपडलं. खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली की तुम्ही बोकड पाळलाय का. तिसऱ्या दिवशी एसी बंद. दुरुस्तीवाला शिवयोगी आला, त्यानं आधी सुतळी सोडून घोंगडी उतरवली. मग म्हणाला, "आजी, ही पेटी घरातली गरमी भाईर टाकती. तुमी तिचं तोंडच बांधलं की. आपलीच गरमी परत वडत बसली बिचारी." जोतिरामनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात शिवयोगीनं आतली जाळी काढली. ती आल्यापासून कुणी धुतली नव्हती, तिच्यातल्या धुळीची कानटोपी झाली असती. मग मी जोतिरामकडं बघितलं.

पण शिवयोगी बोलत होता तेव्हा मला तुझी खोली दिसली. तोंड बांधलेली. आपलीच गरमी परत ओढत बसलेली, आणि आत तू.

तर तो पत्रा काढ. वरच्या पत्र्याला चुन्याचे दोन हात दे, वर कडबा पसर आणि दोरीनं बांध. (शेरडं खायला वर चढतील, चढू दे.) ऊन कललं की पंखा खिडकीत बाहेर तोंड करून लाव, म्हणजे दारातून गार वारा आत येईल आणि वाफ बाहेर जाईल. ती रामहरीच्या अंगणात जाईल, तेवढं समाधान तुला पुरे. एसी मात्र मागू नकोस. तसल्या खोलीत एसी म्हणजे फुटक्या कासंडीत धार काढणं. मी रडून सांगत नाही. तुझं काही बरंवाईट झालं तर मला दहा दिवस तिकडं राहावं लागेल आणि माझे गुडघे एसटीत मावत नाहीत.

लोभ आहे तेवढा पुरे, अक्कल वाढवावी.

तुझी आक्का,
मायाक्का

ता. क. रामहरीशी मी बोलले आहे. त्याची बायको वच्छला भिंतीला रचलेल्या शेण्या हलवणार आहे. रामहरी म्हणाला, गेल्या वर्षी तुला बाहेर काढला तेव्हाच पत्रा उचकटणार होतो, पण तेवढ्यात तू शुद्धीवर आलास.

आणखी ता. क. पत्रा ठोक म्हणून सांगणारी मी, हे तू विसरला असशील तर बरं झालं, नसशील तर लिहून टाकते. त्या वर्षी पंचमीला माहेरी आले होते, वच्छलाला वाटीभर कालवण पाठवलं, आणि त्याच खिडकीतून तिचं बोलणं ऐकू आलं की मायाक्काच्या कालवणात तिखट सोडून काही नसतं, मीठसुद्धा नाही. खिळे मी बाजारातून आणून दिले. तू नुसती हातोडी मारलीस, आणि बारा वर्षं रामहरीला माझं नाव सांगितलं नाहीस. आता ते खिळे काढ. मीठ खरंच विसरले होते.